गर्भधारणेची तयारी : पाळी चुकण्याच्या तीन महिने आधीपासून

एक उदाहरण घेऊ. एखाद्या स्त्रीची पाळी १ मार्चला आली आहे आणि तिचे चक्र २८ दिवसांचे आहे. तिचे स्त्रीबीज साधारण १४ मार्चच्या सुमारास बाहेर पडेल आणि गर्भधारणा व्हायची असेल तर ती त्याच एक-दोन दिवसांत होईल. पुढची पाळी २९ मार्चला अपेक्षित असेल. ती चुकल्यावर चार-पाच दिवस वाट पाहून ३ एप्रिलला तिने घरी चाचणी केली आणि दोन रेघा दिसल्या. त्यानंतर घरातल्यांशी बोलणे, डॉक्टरांची वेळ घेणे, सुट्टी जुळवणे यांत आणखी पंधरा-वीस दिवस गेले, म्हणजे पहिली तपासणी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. आता हेच दिवस गर्भाच्या बाजूने मोजा. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतो, ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत पूर्ण मिटते, म्हणजे या उदाहरणात ११ एप्रिलपर्यंत. हृदयाचे पहिले ठोके त्याच्याही आधी, ५ एप्रिलच्या आसपास सुरू झालेले असतात. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडची, म्हणजे ब गटातील एका जीवनसत्त्वाची गोळी लिहून दिली, तेव्हा ज्या कामासाठी ती सर्वांत जास्त हवी होती ते काम संपून दहा दिवस होऊन गेले होते.

गर्भधारणेपूर्वीच्या तयारीचे सगळे महत्त्व या तारखांमध्ये आहे. दिवस राहिल्यावर काळजी घेऊ, असे बहुतेक जोडपी मनापासून म्हणतात, आणि तरीही गर्भाच्या घडणीचे सर्वांत नाजूक आठवडे कोणाला काही कळण्यापूर्वीच निघून जातात. म्हणून ही तयारी पाळी चुकण्याआधी करायची असते आणि ती दोघांनी मिळून करायची असते. पुढे ज्या क्रमाने गोष्टी दिल्या आहेत, त्याच क्रमाने त्या केल्यास धावपळ होत नाही.

पहिली पायरी : तीन महिन्यांचा अवधी ठरवा

प्रयत्न सुरू करण्याच्या आधी किमान तीन महिने हातात ठेवावेत. हा आकडा उगीच ठरलेला नाही. पुरुषाच्या शरीरात एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर तो पक्व होऊन बाहेर पडण्यायोग्य होण्यास आणखी काही दिवस जातात. म्हणजे आज सोडलेल्या सिगारेटचा लाभ जवळजवळ तीन महिन्यांनी दिसणार असतो. स्त्रीच्या बाजूनेही लसीनंतर थांबण्याचा काळ, कमी झालेले हिमोग्लोबिन भरून येण्याचा काळ आणि औषधे बदलून त्यांचा परिणाम पाहण्याचा काळ या मुदतीत बऱ्याच अंशी बसतो. मधुमेह, अपस्मार (फिट्स) किंवा हृदयविकार असेल, तर मात्र सहा महिने किंवा त्याहून अधिक वेळ धरून चालावे.

या काळात गर्भनिरोधक चालूच ठेवायचे आहे. ही बाब साधी वाटते, पण नेमकी तीच निसटते. ‘तयारी करतोच आहोत, तर आता बंद करायला हरकत नाही’ असे म्हणून गोळ्या थांबवल्या जातात आणि लस घेण्यापूर्वीच किंवा औषध बदलण्यापूर्वीच दिवस राहतात.

दुसरी पायरी : फॉलिक ॲसिड आजपासून

बाकी काही जमले नाही तरी ही एक गोष्ट चुकवू नये. गर्भधारणेची इच्छा असलेल्या प्रत्येक स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. ते गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी, शक्य असल्यास तीन महिने आधी सुरू करावे आणि गर्भारपणाचे पहिले १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावे. ज्या स्त्रियांच्या आधीच्या गर्भात न्यूरल ट्यूबचा दोष होता, त्यांच्यावर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला. रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असे त्यात आढळले. एका साध्या जीवनसत्त्वाने जन्मजात व्यंग इतक्या प्रमाणात टळावे, ही वैद्यकशास्त्रातील विरळ गोष्ट आहे.

मात्रेबाबत दक्ष राहावे. गोळीच्या पाकिटावर काही ठिकाणी मायक्रोग्रॅम, तर काही ठिकाणी मिलिग्रॅम लिहिलेले असते; १००० मायक्रोग्रॅम म्हणजे १ मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलिग्रॅमची गोळीही मिळते, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या बारा पटींहून अधिक. ही मोठी मात्रा काही जणींना खरोखरच लागते. आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष होता, पतिपत्नींपैकी कोणालाही किंवा जवळच्या नातेवाइकाला तसा दोष आहे, मधुमेह आहे, फिट्सची काही विशिष्ट औषधे चालू आहेत, वजन बरेच जास्त आहे किंवा थॅलेसेमिया अथवा सिकलसेलसारखा रक्ताचा आजार आहे, अशा वेळी डॉक्टर ४ किंवा ५ मिलिग्रॅम लिहून देतात. इतरांनी ती स्वतःहून घेऊ नये. जास्त फॉलिक ॲसिडमुळे बी-१२ ची कमतरता रक्ताच्या तपासणीत झाकली जाऊ शकते आणि नसांचे नुकसान मात्र आतून चालू राहते. मांसाहार न करणाऱ्या आणि दूधही फारसे न घेणाऱ्या स्त्रियांनी म्हणूनच बी-१२ ची पातळी तपासून घ्यावी.

पालेभाज्या, कडधान्ये आणि संत्र्यासारखी फळे यांतून फोलेट मिळते, ते जरूर खावे. पण शिजवताना त्याचा बराच भाग नष्ट होतो आणि केवळ आहारातून रोज खात्रीने पुरेसे मिळेल असे धरून चालता येत नाही. गोळी आणि आहार दोन्ही हवेत.

तिसरी पायरी : दोघांनी मिळून डॉक्टरांची भेट

या भेटीला गर्भधारणापूर्व तपासणी म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दोघांनी एकत्र जावे. जाण्याआधी एका कागदावर काही गोष्टी लिहून न्याव्यात : गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, आधीची गर्भारपणे आणि त्यांचे काय झाले, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, लहानपणी कोणत्या लसी घेतल्या आणि दोन्ही घरांत कोणाला आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंग, मतिमंदत्व, वारंवार गर्भपात किंवा लहान वयात झालेले मृत्यू आहेत का. शेवटचा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच विचारून ठेवावा. अशा गोष्टी घराघरांत बोलल्या जात नाहीत आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर आठवतही नाहीत.

नेहमीच्या तपासण्यांमध्ये वजन, उंची, रक्तदाब, रक्तगट आणि आर-एच (तो पॉझिटिव्ह की निगेटिव्ह), हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, साखर, लघवी, तसेच एच.आय.व्ही., सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांचा समावेश होतो. थायरॉईडची तपासणी सर्वांना सांगितली जातेच असे नाही, पण लक्षणे असतील किंवा कुटुंबात तो आजार असेल तर ती करून घ्यावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप तपासणी राहून गेली असल्यास ती याच वेळी उरकावी, कारण तिच्यात काही आढळले तर उपचार गर्भारपणापूर्वी करणे सोपे जाते. लैंगिक संसर्गाच्या तपासण्या दोघांच्याही व्हाव्यात. एकाचाच उपचार झाला तर संसर्ग परत फिरून येतो.

गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजला जातो. गर्भारपणात रक्तातील द्रव वाढल्याने हा आकडा आणखी खाली येतो, म्हणून साठा आधीच भरलेला असणे हिताचे आहे. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाबरोबर लिंबू किंवा संत्रे घ्यावे.

दात आणि हिरड्यांची तपासणीही याच वेळी करून घ्यावी. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या आणि लागणारे एक्स-रे हे सगळे आता मोकळेपणाने करता येते.

चौथी पायरी : औषधांचा डबा उघडा

ही पायरी घरीच करायची आहे आणि माझ्या मते फॉलिक ॲसिडच्या खालोखाल तिचे मोल आहे. घरातली सगळी औषधे एका टेबलावर काढावीत. त्यांत पर्समधली, उशाशी ठेवलेली, गाडीतली, अर्धवट संपलेल्या पट्ट्या, त्वचेचे मलम, केसांसाठीच्या गोळ्या, वजन कमी करण्याची पूड, ओळखीच्या कोणीतरी दिलेला काढा असे सगळे यावे. प्रत्येक पट्टी उलटी करून मागे बारीक अक्षरांत लिहिलेले मूळ औषधाचे नाव वाचावे, कारण पुढच्या बाजूच्या ठळक नावावरून आत काय आहे ते कळत नाही. ती नावे लिहावीत किंवा पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो काढावा आणि तो डॉक्टरांना दाखवावा.

यांतली काही नावे दिसल्यास गर्भनिरोधक सुरू ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे. मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन गर्भात गंभीर व्यंग निर्माण करते आणि ते थांबवल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. सोरायसिससाठीचे ॲसिट्रेटिन शरीरात इतके रेंगाळते की ते थांबवल्यावर तीन वर्षे थांबण्याचा सल्ला दिला जातो. फिट्स आणि काही मानसिक आजारांसाठीचे व्हॅल्प्रोएट गर्भात असताना मिळालेल्या दर दहा बाळांपैकी सुमारे एकाला जन्मजात व्यंग आढळते आणि त्याहून कितीतरी अधिक मुलांच्या बौद्धिक वाढीत अडथळे येतात. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, रक्तदाबाच्या औषधांपैकी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे हीही बदलावी लागतात.

यातला धोक्याचा भाग असा की यादी वाचून घाबरून स्त्रिया औषधे एका रात्रीत बंद करतात. तसे मुळीच करू नये. फिट्सचे औषध अचानक थांबवल्याने येणारी फिट जीवघेणी ठरू शकते, नैराश्याची गोळी एकदम बंद केल्यास आजार उलटतो आणि रक्तदाब अनियंत्रित राहिला तर तोही गर्भाला घातकच आहे. बहुतेक आजारांसाठी गर्भारपणात चालण्याजोगा पर्याय असतो. तो निवडून, मात्रा बसवून, काही आठवडे स्थिर राहून मग पुढे जायचे असते आणि तेवढ्यासाठीच हे तीन महिने आहेत.

‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या गोष्टींनाही हाच नियम लावावा. घटक न लिहिलेल्या पुड्या आणि गोळ्यांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याच्या नोंदी आहेत. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या जास्त प्रमाणात घेऊ नयेत. रेटिनॉलच्या स्वरूपात रोज १०,००० युनिटच्या वर गेल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो.

पाचवी पायरी : जुना आजार आधी आटोक्यात आणा

मधुमेह असलेल्या स्त्रीच्या बाबतीत गर्भधारणेच्या वेळची साखर ही निर्णायक गोष्ट असते. पहिल्या सात-आठ आठवड्यांत रक्तात साखर जास्त राहिली, तर बाळाच्या हृदयात आणि मज्जासंस्थेत व्यंग होण्याचा धोका वाढतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी शक्य असल्यास ६.५ टक्क्यांच्या खाली आणून मगच प्रयत्न सुरू करावेत. ती १० टक्क्यांच्या वर असेल तर गर्भधारणा टाळावी, असा स्पष्ट सल्ला दिला जातो. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे यांचीही तपासणी आधी व्हावी, कारण गर्भारपणात दोन्हींवरचा ताण वाढतो.

थायरॉईड कमी असून गोळी चालू असेल, तर टीएसएच (थायरॉईडचे काम दाखवणारी रक्तचाचणी) २.५ च्या खाली असताना गर्भधारणा होणे चांगले. दिवस राहताच गोळीची मात्रा साधारण पाव ते एक-तृतीयांशाने वाढवावी लागते, त्यामुळे चाचणीत दोन रेघा दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे हे आधीच ठरवून ठेवावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, ल्युपससारखे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारे) आजार यांत त्या-त्या तज्ज्ञांची लेखी संमती घेऊन मगच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. आजार शांत असण्याच्या काळात झालेली गर्भधारणा अधिक सुखरूप पार पडते.

मनाच्या आजारालाही हेच लागू आहे. नैराश्य किंवा अतिचिंता पूर्वी कधी झाली असेल, तर बाळंतपणानंतर ती उलटण्याची शक्यता असते. डॉक्टरांना ते सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. आणि घरात मारहाण किंवा धाकदपटशा होत असेल, तर तो गर्भारपणात आपोआप थांबत नाही, अनेकदा वाढतो. तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी काही मिनिटे एकटीने बोलण्याची मागणी स्त्रीने नि:संकोच करावी.

सहावी पायरी : लसी

१९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे एकामागून एक येऊ लागली. त्यांच्या आयांना गर्भारपणाच्या सुरुवातीस रुबेला, म्हणजे जर्मन गोवर होऊन गेला होता, हे ग्रेग यांनी ओळखले. मोठ्या माणसाला दोन दिवसांचे पुरळ देणारा हा आजार गर्भाची दृष्टी, श्रवण आणि हृदय हिरावून घेऊ शकतो; गर्भधारणेच्या अगदी आधी किंवा सुरुवातीच्या आठवड्यांत संसर्ग झाल्यास तो गर्भापर्यंत पोहोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. त्यावर उपचार नाही, पण लस आहे. लहानपणी लस घेतल्याची नोंद नसेल, तर रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत किंवा सरळ लस घ्यावी.

रुबेला आणि कांजिण्या या दोन्हींच्या लसींत जिवंत, दुबळे केलेले विषाणू असतात. म्हणून त्या गर्भारपणात देत नाहीत आणि शेवटच्या मात्रेनंतर एक महिना गर्भधारणा टाळायची असते. कांजिण्यांच्या दोन मात्रांमध्ये चार ते आठ आठवड्यांचे अंतर असल्याने त्या लसीचे नियोजन सर्वांत आधी करावे. हिपॅटायटिस बी ची लस तीन मात्रांची असून ती मध्येच दिवस राहिले तरी पुरी करता येते.

ज्या भागात झिका या डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूचा संसर्ग आहे तिथून प्रवास करून आल्यास स्त्रीने दोन महिने आणि पुरुषाने तीन महिने थांबावे.

सातवी पायरी : आनुवंशिक आजारांची चौकशी

थॅलेसेमियाचा वाहक असलेला माणूस पूर्ण निरोगी असतो. त्याला थकवा नसतो, उपचारांची गरज नसते आणि आपण वाहक आहोत हेही त्याला ठाऊक नसते. पतिपत्नी दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘प्रत्येक’ या शब्दावर भर देणे आवश्यक आहे. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा या हिशेबाचा अर्थ अजिबात नाही; प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते.

रक्ताच्या साध्या तपासणीत लाल पेशी आकाराने लहान दिसल्या की बऱ्याचदा लोहाची कमतरता समजून महिनोन्महिने गोळ्या दिल्या जातात. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम चाचणीत एचबी-ए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचे प्रमाण ३.५ टक्क्यांहून अधिक असेल, तर ती व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक असू शकते. खरोखर लोह कमी असेल तर हाच आकडा खोटा कमी दिसतो, म्हणून लोह भरून काढून चाचणी पुन्हा करावी लागते. पती किंवा पत्नी यांपैकी एकाची चाचणी आधी करून ती सामान्य आली, तर सहसा तिथेच थांबता येते. दोघेही वाहक निघाले तरी निरोगी मूल होण्याचे मार्ग आहेत आणि त्यासाठी गर्भधारणेपूर्वीच जनुकीय समुपदेशकाला भेटावे. दोन्ही कुटुंबांनी एकमेकांना दोष देण्यासारखे यात काहीही नाही.

पतिपत्नी जवळचे रक्ताचे नातेवाईक असतील, तर जन्मजात दोषांची शक्यता साधारण दुप्पट होते. बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात, तरी अशा जोडप्यांनी समुपदेशन टाळू नये.

आठवी पायरी : वजन, आहार, सवयी

वजन फार कमी किंवा फार जास्त असले की स्त्रीबीज बाहेर पडण्याची लय बिघडते. पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनामुळे पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या जास्त वजनाच्या स्त्रियांनी पाच ते दहा टक्के वजन उतरवले तरी अनेकींची पाळी नियमित होते. ८० किलोच्या स्त्रीसाठी हे चार ते आठ किलो झाले, म्हणजे आवाक्यातले. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर किमान १२ ते १८ महिने थांबावे. प्रयत्न सुरू झाल्यावर मात्र उपवास किंवा कडक पथ्याचे प्रयोग करू नयेत. आयोडीनयुक्त मीठ वापरावे, मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खावीत, भाज्या नीट धुवाव्यात. कॉफी-चहामधील कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. घरी मांजर असेल तर तिची विष्ठा दुसऱ्या कोणी उचलावी किंवा हातमोजे घालावेत. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी त्यातून पसरतो.

तंबाखू कोणत्याही रूपात चालत नाही, ओढण्याचा असो की चघळण्याचा. दुसऱ्याच्या धुराचाही अपाय होतो, म्हणून पतीने गॅलरीत जाऊन ओढणे हा उपाय ठरत नाही. मद्याचे गर्भासाठी सुरक्षित प्रमाण ठाऊक नाही. दिवस राहिल्याचे कळेपर्यंतचे दोन-तीन आठवडे लक्षात घेता, प्रयत्न सुरू होताच ते पूर्ण थांबवावे. कामाच्या ठिकाणी शिसे, कीटकनाशके, द्रावके, क्ष-किरण किंवा कर्करोगाची औषधे यांच्याशी संबंध येत असेल, तर कामात तात्पुरता बदल मागावा.

नववी पायरी : पुरुषाची तयारी

या विषयावर लिहिताना पुरुषाचा उल्लेख शेवटी एका ओळीत उरकला जातो आणि मूल होण्यास वेळ लागला की सगळ्या चाचण्या स्त्रीच्याच सुरू होतात. हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय वेळ वाया घालवणारेही आहे, कारण वंध्यत्वाच्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणांचा वाटा मोठा असतो.

अंडकोश शरीराबाहेर असण्याचे कारणच असे की शुक्राणूंच्या निर्मितीस शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी तापमान लागते. मांडीवर तासन् तास लॅपटॉप, वारंवार कढत पाण्याच्या टबात बसणे, सॉना हे या काळात टाळावे. जोरदार ताप येऊन गेल्यावरही दोन-तीन महिने शुक्राणूंची संख्या कमी राहू शकते. व्यायामशाळेत स्नायू वाढवण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने आणि स्टेरॉइड यांबद्दल तरुणांना सहसा कोणी सांगत नाही : त्यांनी पौरुष वाढल्यासारखे वाटते, पण शुक्राणूंची निर्मिती थंडावते, कधी पूर्ण थांबते, आणि ती पूर्ववत होण्यास अनेक महिने लागतात. अशी इंजेक्शने घेत असल्यास डॉक्टरांना खरे सांगावे. लहानपणी अंडकोश वर राहिल्याने शस्त्रक्रिया झाली असेल, मोठेपणी गालगुंडामुळे अंडकोश सुजले असतील किंवा कर्करोगाचे उपचार झाले असतील, तर वीर्यतपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी.

दहावी पायरी : गर्भनिरोधक थांबवणे आणि दिवस ओळखणे

गोळ्या थांबवल्यावर किंवा तांबी काढल्यावर पुढच्याच चक्रात दिवस राहू शकतात. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा परिणाम मात्र रेंगाळतो. शेवटच्या इंजेक्शननंतर पाळी आणि प्रजननक्षमता परतण्यास अनेकींना नऊ-दहा महिने लागतात. त्यामुळे ही पद्धत वापरणाऱ्यांनी ती लवकर बदलावी.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच टिकते, तर शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या दिवसासह त्याआधीचे पाच दिवस हाच गर्भधारणेचा काळ असतो. तो दिवस पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी येतो : २८ दिवसांच्या चक्रात चौदावा, ३५ दिवसांच्या चक्रात एकविसावा. ‘चौदावा दिवस’ सर्वांना लागू आहे असे समजून अनेक जोडपी चुकीच्या आठवड्यात प्रयत्न करत राहतात. योनीतील स्राव अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो, ती खूण पुरेशी विश्वासार्ह आहे. तारखांचा धसका न घेता दर एक-दोन दिवसांनी संबंध ठेवले, तर वेगळे गणित मांडावेच लागत नाही. वंगण वापरायचे असल्यास शुक्राणूंना अपायकारक नसलेले निवडावे.

आधीचे बाळंतपण झाले असेल, तर पुढच्या गर्भधारणेपूर्वी २४ महिने अंतर ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. गर्भपात झाला असेल, तर शरीराबरोबर मनही सावरले आहे का, याचा विचार करून दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

किती वाट पाहावी आणि त्यानंतर काय

नियमित प्रयत्न करणाऱ्या १०० जोडप्यांपैकी ८० हून अधिक जोडप्यांना वर्षभरात गर्भधारणा होते. तीन महिन्यांत झाले नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. स्त्रीचे वय ३५ पेक्षा कमी असेल तर एक वर्ष, ३५ किंवा अधिक असेल तर सहा महिने वाट पाहून दोघांनी तपासणीस जावे. चाळिशी उलटली असेल, पाळी फार अनियमित असेल किंवा पूर्वी ओटीपोटात संसर्ग झाला असेल, तर वाट पाहूच नये.

पाळी चुकली की त्याच दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करावी. दोन रेघा दिसल्या तर फॉलिक ॲसिड चालू ठेवावे, थायरॉईड, मधुमेह किंवा फिट्सची औषधे असतील तर तत्काळ डॉक्टरांना फोन करावा आणि शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवावा, कारण प्रसूतीची तारीख त्यावरूनच काढली जाते. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, रक्तस्राव, चक्कर किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे जाणवले, तर गर्भ गर्भनलिकेत रुजलेला असू शकतो. अशा वेळी रात्र असो की दिवस, न थांबता रुग्णालय गाठावे.